नाशिकच्या अक्षांशावर घड्याळाविना वेळ : नळीचं सूर्यघड्याळ, घटिकापात्र आणि रात्रीचे तारे

गोदाकाठ

हा धागा फक्त नाशिकपुरता ठेवू. अक्षांश २०° उत्तर, रेखांश ७३.८° पूर्व. घड्याळ किंवा मोबाइल न बघता दिवसा पाच मिनिटांच्या आत आणि रात्री पंधरा मिनिटांच्या आत वेळ सांगता यायला हवी, तीही गच्चीवर हाताने बनवलेल्या साधनांनी. हाताशी आहे ते एवढंच : १६० मि.मी.च्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, भांडी बाजारातून आणलेली उभ्या भिंतींची तांब्याची वाटी (व्यास ९ सें.मी., उंची ५ सें.मी., वजन १०० ग्रॅम), एक घंगाळ आणि गवंड्याचा ओळंबा.

विचारायचं आहे ते असं. दुकानात मिळणारी पितळी सूर्यघड्याळं इथे चालतात का? घटिकापात्रासाठी, म्हणजे भोकातून पाणी शिरून ठरावीक वेळात बुडणाऱ्या वाटीसाठी, भोक किती मोठं पाडायचं? आणि पावसाळ्यात काय करायचं?

ओळंबा

पितळी शोभेची घड्याळं बहुतेक युरोपच्या अक्षांशासाठी केलेली असतात. तबकडीवरच्या तिरक्या पात्याचा कोन कोनमापकाने मोजा. नाशिकसाठी तो २०° हवा. ५०° निघाला तरी घड्याळ फेकू नका. तबकडीची दक्षिणेकडची कड ३०° उचलून ठेवली की पातं पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतं आणि तासांच्या रेघा बरोबर चालतात. पातं जमिनीशी अक्षांशाएवढा कोन करून ध्रुवाकडे रोखलेलं असलं पाहिजे, एवढाच नियम आहे.

तरीही आडव्या तबकडीचं सूर्यघड्याळ नाशकात बनवू नका असंच सांगेन. कारण गणितात आहे. आडव्या तबकडीवर १२ ते १ ही रेघ फक्त ५.२° सरकते, १ ते २ ही ५.९°, आणि ५ ते ६ ही तब्बल ३८°. म्हणजे भर दुपारी, सावली सगळ्यात ठसठशीत असते तेव्हाच, रेघा एकमेकींना चिकटतात. ध्रुवतारा जितका खाली, तितका हा त्रास जास्त.

तुमच्याकडे पाइप आहेच, तर नळीचं घड्याळ करा. पाइप उभा अर्धा चिरायचा, पन्हाळीसारखा ठेवायचा आणि बरोबर मध्यअक्षावर एक सळई ताणायची. सूर्य तासाला १५° सरकतो, त्यामुळे सळईची सावली पन्हाळीच्या आतल्या पृष्ठावर दर तासाला सारखंच अंतर चालते. सगळ्या रेघा समान. वर्षभर एकच पृष्ठ.

मापं देतो. पाइपचा *आतला* व्यास मोजा, बाहेरचा नाही. भिंतीची जाडी कंपनीगणिक बदलते. आतला व्यास मिलिमीटरमध्ये × ०.१३०९ = एका तासाचं अंतर. १५२ मि.मी. भरला तर तास १९.९ मि.मी.चा, पाव तास जवळजवळ ५ मि.मी.चा, आणि १ मि.मी. म्हणजे ३ मिनिटं. लांबी २० सें.मी. ठेवा.

चिरताना पाइपभोवती कागद घट्ट गुंडाळा, जिथे टोकं जुळतात तिथे कापा, कागदाची बरोबर मधून घडी घाला आणि त्यावरून समोरासमोरच्या दोन रेघा आखा. हॅक्सॉचं पातं मिलिमीटरभर खातं. रेघेच्या बाहेर कापा आणि सपाट काचेवर लावलेल्या पॉलिश पेपरवर घासत रेघेपर्यंत या. इथे दोन मिलिमीटर गेले की सळई केंद्रावर बसत नाही आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा एकमेकांविरुद्ध चुकतात.

सळई म्हणून सायकलचा २ मि.मी.चा स्पोक उत्तम. बारीक तार घेण्याचा मोह आवरा. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असतं, त्यामुळे ७६ मि.मी. अंतरावर कडा सुमारे ०.७ मि.मी. पसरते. याहून बारीक तारेला काळी सावली उरतच नाही, नुसता करडा पट्टा दिसतो. वाचायची ती सावलीची कड नव्हे, मध्य.

दोन्ही टोकांना ४ मि.मी. प्लायच्या अर्धवर्तुळाकार चकत्या बसवा. स्पोकचं भोक सरळ कडेच्या बरोबर मध्यावर येतं, म्हणून तिथे वर एक १० मि.मी.चा कान ठेवूनच चकती कापा, नाहीतर भोक अर्धं हवेत जाईल. चकत्यांची सावली आत पडते, पण मधल्या भागात ती त्रास देत नाही.

आता आतली पट्टी. आलेख कागदाची २३८.८ मि.मी. लांब पट्टी, आतून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. प्रत्येक खूण पश्चिमेच्या काठापासूनच मोजा, तास-तास पुढे सरकत जाऊ नका. २० मि.मी. धरून सहा वेळा सरकलात तर तिथेच दोन मिनिटं चुकतात. घड्याळी (भारतीय प्रमाण) वेळेसाठी :

७ वाजता ८.३ मि.मी.
८ → २८.२
९ → ४८.१
१० → ६८.०
११ → ८७.९
१२ → १०७.८
१ → १२७.७
२ → १४७.६
३ → १६७.५
४ → १८७.४
५ → २०७.३
६ → २२७.२

पन्हाळीचा तळ ११९.४ वर येतो, म्हणजे १२ नव्हे तर १२ वाजून ३५ मिनिटांवर. हे असंच हवं. प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची. नाशिक त्याच्या ८.७° पश्चिमेला, आणि प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणून आपली मध्यान्ह ३५ मिनिटं उशिरा. हा फरक पट्टीतच बसवला की रोज बेरीज करावी लागत नाही.

सकाळचे तास *पश्चिमेच्या* बाजूला. सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. पट्टी उलटी चिकटवणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे.

पन्हाळ २०° उताराच्या पाचरीवर ठेवा, वरचं टोक उत्तरेला. २०० मि.मी. पायाला ७२.८ मि.मी. उंची.

रामशेज

उत्तर होकायंत्राने घेतली तर चालेल का?

ओळंबा

नाशकात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे होकायंत्र स्वतः चुकत नाही. चुकवते ती गच्ची. स्लॅबमधल्या सळया, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, पॅरापेटचं रेलिंग, यांमुळे सुई सहज पाच-दहा अंश हलते. जागा दोन हात सरकवली की उत्तर बदलते हे स्वतः बघा आणि होकायंत्र खिशात ठेवा.

जुनी रीत खात्रीची आहे. सपाट फळीवर २४ सें.मी. उंचीचा शंकू, म्हणजे सरळ काठी, ओळंब्यात उभा करा. त्याच्या पायाभोवती ३० सें.मी. त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक आखूड होत वर्तुळात शिरतं, तिथे खूण. दुपारी लांब होत बाहेर पडतं, तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. दोन्ही खुणांवरून समान त्रिज्येचे कंस काढले की त्यांच्या छेदांतून उत्तर-दक्षिण मिळते. या माशासारख्या आकृतीला जुन्या ग्रंथांत मत्स्यच म्हणतात. तीन वर्तुळं काढलीत तर ढगाने एक जोडी खाल्ली तरी काम अडत नाही.

आणखी एक सांगतो, कारण बहुतेकजण उत्तरेवर जीव टाकतात आणि आडवी पातळी अंदाजाने ठेवतात. आपल्या अक्षांशावर ते उलटं करायला हवं. पाचर पूर्वेला किंवा पश्चिमेला १° कलली तर घड्याळ पावणेचार मिनिटं चुकतं. उत्तर १° चुकली तर साधारण दीड मिनिट, आणि दक्षिणायन-उत्तरायणाच्या टोकाला तीनपर्यंत. म्हणून आधी पाणसळ, मग उत्तर. पाणसळ पाचरीवर नाही, पन्हाळीच्या दोन काठांवर आडवी ठेवून बघा.

पळभा

ओळंबा यांनी ३५ मिनिटं पट्टीत घेतली, पण अजून एक दुरुस्ती उरते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर एकसारखा चालत नाही. त्याला कालसमीकरण म्हणतात. नाशकात सूर्य खरोखर माथ्याच्या रेषेवर केव्हा येतो ते असं :

१ जानेवारी १२:३८
१५ जानेवारी १२:४४
११ फेब्रुवारी १२:४९
१ मार्च १२:४७
२१ मार्च १२:४२
१५ एप्रिल १२:३५
१४ मे १२:३१
१३ जून १२:३५
२६ जुलै १२:४१
१ सप्टेंबर १२:३५
१ ऑक्टोबर १२:२५
३ नोव्हेंबर १२:१८
१ डिसेंबर १२:२४
२५ डिसेंबर १२:३५

१२:३५ पासून जेवढा फरक तेवढा नळीच्या वाचनात मिळवा किंवा वजा करा. फेब्रुवारीत १४ मिनिटं मिळवायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ ते १७ वजा करायची. हे न केल्यामुळे 'घड्याळ एप्रिलमध्ये बरोबर होतं, दिवाळीत बिघडलं' अशी तक्रार येते आणि लोक पाचर हलवतात. पाचर एकदा बसवली की हलवू नका. कोष्टक पाचरीवर चिकटवा.

स्पोकच्या बरोबर मध्यावर एक मणी बसवा. त्याची सावली विषुवदिनी मध्यरेघेवर असते, २१-२२ डिसेंबरला ३३ मि.मी. उत्तरेकडे आणि २१ जूनला ३३ मि.मी. दक्षिणेकडे. तीच नळी पंचांगाचं कामही करते.

जूनमध्ये पहाटे आणि संध्याकाळी सुमारे ३७-३७ मिनिटं नळी मुकी राहील. तेव्हा सूर्य पन्हाळीच्या काठांच्या पातळीखाली असतो. ही चूक नाही.

गोदाकाठ

हे ३७ मिनिटांचं माप कुठून आलं?

पळभा

तुमच्या शंकूमधूनच येतं. म्हणूनच शंकू अडगळीत टाकू नका.

विषुवदिनी १२ अंगुळे शंकूची मध्यान्हसावली म्हणजे पलभा. नाशकात ती ४ अंगुळे २२ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग). शंकू २४ सें.मी.चा असेल तर ८.७ सें.मी. (डिसेंबरात हीच सावली २२.७ सें.मी. होते, आणि जूनच्या अखेरीस दीड सें.मी.हून कमी, तीही दक्षिणेकडे.) आता पलभेला १०, ८ आणि १०/३ ने गुणा. ४३.७, ३४.९ आणि १४.६ पळं. ही मेष, वृषभ, मिथुन या तीन राशींची चरखंडं, म्हणजे सूर्य त्या राशीतून जाताना अर्धा दिवस जेवढा वाढतो तो काळ. बेरीज ९३ पळं. एक पळ २४ सेकंदांचं (६० पळांची एक घटिका), म्हणजे ३७ मिनिटं.

सूर्य मिथुनेच्या अखेरीस असताना अर्धा दिवस १५ घटिकांहून एवढा मोठा. पूर्ण दिवस ३३ घटिका ६ पळं, म्हणजे १३ तास १४ मिनिटं. त्रिकोणमितीने काढलेलं उत्तर १३ तास १३ मिनिटं येतं. एका काठीच्या सावलीतून आणि तीन गुणाकारांतून एवढी जवळीक! दर वेळी ते जुळताना बघून आनंदच होतो.

आजच्या कॅलेंडरात दिवस यापेक्षा सहा-सात मिनिटं मोठा दिसेल. तिथे बिंबाची वरची कड दिसली की सूर्योदय धरतात आणि हवेमुळे होणारं वक्रीभवनही धरतात. गणितात बिंबाचा मध्य क्षितिजावर. प्रत्येक बाजूला साडेतीन मिनिटांचा फरक.

घंगाळ

आता पाण्याकडे येऊ. मापं समजली की हे यंत्र अजिबात अवघड नाही, पण हलगर्जीपणा अजिबात खपवून घेत नाही.

तुमची वाटी रिकामी तरंगताना साधारण १.६ सें.मी. बुडेल. बाहेरच्या पाण्याची आतल्या पाण्याहून जेवढी उंची जास्त, तेवढा दाब भोकातून पाणी आत ढकलतो. *उभ्या भिंतीच्या* वाटीत हा फरक शेवटपर्यंत तेवढाच राहतो, कारण आत आलेल्या प्रत्येक थेंबागणिक वाटी तेवढीच खाली जाते. त्यामुळे पाणी एका चालीने भरतं आणि आतल्या बाजूला समान अंतरावर रेघा मारून अर्धी घटिका, पाव घटिका वाचता येते. अर्धगोल पात्रात तोंडाकडे घेर वाढतो, दाब कमी होतो, भरणं मंदावतं. पूर्ण घटिकेला ते तितकंच चांगलं, पण मधल्या खुणा समान येत नाहीत.

बुडेपर्यंत वाटीत अंदाजे २१५ मि.ली. पाणी येतं. एक घटिका २४ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ९ मि.ली. त्यासाठी भोक सुमारे ०.७५ मि.मी. लागतं. पण थेट ०.७५चं पाडू नका. ०.६च्या बिटने पाडा आणि घड्याळजींकडे मिळते तशी निमुळती सुई फिरवत फिरवत वाढवा. भोकाचा व्यास ०.७६चा ०.८० झाला की प्रवाह दहा टक्क्यांनी वाढतो आणि घटिकेतली अडीच मिनिटं जातात. मोठं करणं सेकंदाचं काम, लहान करणं दुपारचं.

भोक तळाच्या बरोबर मध्यावर. बिट आतून बाहेर आलं की बाहेर बारीक कंगोरा उठतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढलाच पाहिजे, नाहीतर त्यात बुडबुडा अडकतो.

जास्त मोठं झालं तर? वाटी गुळगुळीत ऐरणीवर ठेवून आतून भोकाभोवती हलक्या हाताने ठोका, तांबं आत सरकतं, मग पुन्हा सुई. मंद असेल तर भोकाला हात लावू नका, वजन वाढवा. तळाशी बाहेरून तांब्याच्या तारेचं कडं बसवा. दाब वाढतो, वाटी लवकर बुडते, शिवाय वजन खाली असल्याने कलत नाही. बारीक जुळवणी नेहमी वजनाने.

घंगाळ वाटीच्या किमान दुप्पट व्यासाचं, पाणी वाटीच्या उंचीहून चार बोटं जास्त आणि *काठोकाठ*. पाणी काठाखाली असेल तर ते कडेला किंचित वर चढतं आणि तरंगती वाटी तिकडे ओढली जाऊन चिकटते. काठोकाठ भरलं की पाण्याला फुगवटा येतो आणि वाटी मध्यावर राहते. तळाशी एक पितळी कडं ठेवा. वाटी बुडाली की त्यावर ठणकन बसते आणि भोक अधांतरी राहतं, झिजत नाही.

गोदाकाठ

वाटी ठेवली की कधी कधी पाणी आत येतच नाही. मग जरा हलवली की सुरू होतं.

घंगाळ

कोरड्या, तेलकट भोकात पाण्याचा पडदा धरतो. शिकेकाई किंवा साबणाने धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि ओलीच वाटी ठेवा. बोटाचं तेलसुद्धा पुरतं, म्हणून वाटी कडेला धरून उचलायची, तळाला हात नाही.

पाणी गाळलेलं आणि उकळून गार केलेलं. उकळल्याने विरघळलेली हवा निघते, बुडबुडे धरत नाहीत. बोअरचं पाणी नको, क्षार भोकात साचतो आणि घटिका दर आठवड्याला लांबत जाते. वाटी काळी पडली म्हणून चिंच-मीठ लावून रोज घासू नका. भोकाची कड खाल्ली जाते.

जानेवारीच्या पहाटे घटिका काही पळं लांब भरेल. थंड पाणी दाट वाहतं. घंगाळ घरात ठेवा, गच्चीवर नको. वारा लागून वाटी डोलली तरी पाणी काठावरून आत येतं.

रामशेज

पण २४ मिनिटं झाली हे कशाने ठरवणार? शेवटी मोबाइलच ना?

ओळंबा

नाही. छोट्या मापासाठी ओळंबाच पुरतो. टांगणीच्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत ९९.१ सें.मी. दोरा ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला नाशकात बरोबर एक सेकंद लागतो. झोका लहान, वीतभरापेक्षा कमी. दोरा सुती नको, ताणतो. मच्छीमारी नायलॉनही ताणतो. पातळ तार घ्या. लांबीत १ मि.मी.ची चूक झाली तरी २४ मिनिटांत सेकंदही बिघडत नाही.

३६० झोके म्हणजे सहा मिनिटं. तेवढ्यात तुमच्या वाटीत पाणी साडेआठ मि.मी. चढलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक चाचणीला पूर्ण घटिका थांबायला नको.

पळभा

दोलकाने भोक जुळवा, पण शेवटचा शब्द सूर्याचा असू द्या. आणि इथे भास्कराचार्यांचं ऐकावं.

सूर्यसिद्धांतात घटिकापात्राचं वर्णन थोडक्यात आहे. तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र, स्वच्छ पाणी, अहोरात्रात साठ वेळा बुडतं. पुढच्या ग्रंथकारांनी त्यावर नेमकी मापं घातली. दहा पळं वजनाचं तांबं (इथे पळ हे वजनाचं माप, वेळेचं नव्हे), सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे तोंड, आणि ठरावीक वजनाच्या सोन्याची चार अंगुळे लांब तार जाईल एवढं भोक. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत हा हट्टच सोडून दिला. कुठलंही पात्र घ्या, एका अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा, त्या संख्येने अहोरात्राला भागा. तेच त्या पात्राचं माप. हा माणूस आपल्या शेजारचा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा १२०७ चा शिलालेख आहे.

या पद्धतीचं सौंदर्य असं की तुमच्या हाताचा वेळही आपोआप मोजला जातो. बुडालेली वाटी काढणं, उपडी करणं, परत ठेवणं याला चार सेकंद लागले तर साठ वेळांत चार मिनिटं होतात. पात्र २४ मिनिटांचं अचूक केलंत तरी ही चार मिनिटं रोज मागे राहतील. मोजून भागलंत तर ती त्यातच आली.

पूर्ण दिवस शक्य नसेल तर नळीवर ९ ते ३ घ्या. सहा तास म्हणजे १५ घटिका. पात्र १६ वेळा बुडालं तर त्याचं माप १५/१६ घटिका, साडेबावीस मिनिटं. बस्स, पात्रावर तेवढं कोरून ठेवा. भोकाशी झगडत बसायची गरज नाही. मोजायला साठ चिंचोके दोन वाट्यांत ठेवा, तोंडी मोजणी रात्री हमखास चुकते.

घंगाळ

पळभा, हे मान्य, पण लग्नघटिकेला किंवा जुन्या पंचांगाला लावायचं असेल तर पूर्ण घटिकेचं पात्रच सोयीचं पडतं. साडेबावीस मिनिटांनी गुणत कोण बसणार?

पळभा

तेही बरोबर. पंचांगासाठी पूर्ण घटिकेचं करा, मात्र हाताचे चार सेकंद धरून पात्र २३ मिनिटं ५६ सेकंदांवर जुळवा.

पंचांग वाचणाऱ्यांसाठी : तिथी '२३ घ. १५ प.' असेल तर ते सूर्योदयापासून. २३.२५ × २४ = ५५८ मिनिटं, ९ तास १८ मिनिटं. २१ मार्चला नाशकात ६:३८ला उगवतो, म्हणजे तिथी ३:५६ला संपते. जुन्या पत्रिकांत 'मुंबई टाइम' लिहिलेला दिसला तर तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत चालवली.

लुब्धक

रात्रीचं मी लिहितो.

इंग्रजी पुस्तकांतून सप्तर्षींचं घड्याळ इथे जसंच्या तसं आणू नका. सप्तर्षींतले क्रतु आणि पुलह हे दोन तारे ध्रुवाकडे बोट दाखवतात, तासाला १५° फिरतात, हे खरं. पण तिकडे ते रात्रभर, वर्षभर दिसतात. नाशकात ध्रुव फक्त २०° वर आहे आणि क्रतु ध्रुवापासून २८° दूर, त्यामुळे तो फेरीच्या खालच्या भागात क्षितिजाआड जातो. शरदातल्या संध्याकाळी सप्तर्षी नसतातच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री १०:४०ला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ८:४०ला हे दोन तारे ध्रुवाच्या बरोबर वर उभे असतात, तेव्हा ते वापरा.

बाकी वर्षभर मध्यमंडल, म्हणजे उत्तरेकडून माथ्यावरून दक्षिणेकडे जाणारी आकाशातली रेषा, पकडा. गच्चीवर उत्तर-दक्षिण रेघेवर दोन मीटर अंतराने दोन ओळंबे टांगा, पांढऱ्या दोऱ्याचे. उत्तरेच्या दोऱ्यामागे बसून दक्षिणेकडे बघा. दोन्ही दोरे एकमेकांवर आले आणि तारा त्यांच्यामागे गेला, तो क्षण. वजनं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, डोलणं थांबतं.

मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते एका ओळीतले तीन तारे, डिसेंबरच्या मध्यावर रात्री १२:३०ला मध्यावर येतो. जानेवारीच्या मध्यावर १०:३०, फेब्रुवारीच्या मध्यावर ८:३०. रोज चार मिनिटं आधी, महिन्याला दोन तास. एवढं पाठ असलं की पूर्ण हिवाळा भागतो.

बाकीच्या महिन्यांसाठी शेतकऱ्यांकडे असलेली यादी वापरा. सूर्याची नक्षत्रं आपल्याकडे तोंडपाठ असतात : २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. सूर्य ज्या नक्षत्रात, त्यापासून चौदावं नक्षत्र मध्यरात्री माथ्यावर. एकेक नक्षत्र १३° २०', म्हणजे ५३ मिनिटांचं, सव्वादोन घटिकांना थोडं कमी. तेव्हा माथ्यावरचं नक्षत्र ओळखलं की मोजत सुटायचं. मध्यरात्र इथे १२ नव्हे, १२:३५ धरा आणि पळभा यांच्या कोष्टकातला फरक लावा. नक्षत्रातले ठळक तारे नेमके विभागाच्या मध्यावर नसतात, म्हणून पाव तासाची चूक धरून चाला.

चंद्रावर वेळ ठरवू नका. पौर्णिमेनंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पण ही सरासरी बरीच हलते. शुद्ध अष्टमीला मावळतीच्या वेळी माथ्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमारास अस्त, एवढाच अंदाज.

रामशेज

हाताची बोटं धरून सूर्यास्ताला किती वेळ उरला ते सांगतात, त्यात तथ्य?

लुब्धक

हात पूर्ण लांब केल्यावर चार बोटांची रुंदी साधारण साडेसात अंश. इथे सूर्य क्षितिजाशी तिरका उतरतो, त्यामुळे चार बोटं म्हणजे ३२ मिनिटं धरा. क्षितिज मात्र खरं हवं. डिसेंबरात शहरातून सूर्य अंजनेरीच्या बाजूला मावळतो. डोंगर पंचवीसेक किलोमीटरवर आणि शहराच्या वर जवळजवळ सातशे मीटर, म्हणजे दीड अंश. तिथे तो कॅलेंडरपेक्षा सहा-सात मिनिटं आधीच डोंगराआड जातो.

गोदाकाठ

आणि पावसाळा?

घंगाळ

पावसाळ्यात घटिका चालू ठेवायची आणि ऊन दिसलं की नळीवर मिळवून घ्यायची. पातळ ढगातून अंधुक सावली पडते, स्पोकच्या सावलीचा मध्य तेवढ्यावरही सापडतो. दोन उन्हांमधला काळ जितक्या वेळा बुडी, त्यावरून पात्राचं त्या आठवड्याचं माप पुन्हा काढा, कारण हवेतला गारवा बदललेला असतो. वाळूचं घड्याळ या दिवसांत नको. वाळू दमट होते आणि मानेत गाठ धरते.

ओळंबा

नळीची पट्टी पावसाआधी काढून ठेवा किंवा वरून मॅट लॅमिनेशन करा. चकचकीत केलीत तर सळईचं प्रतिबिंब सावलीशेजारी दुसरी रेघ पाडतं.

शंकू ओळंब्यात आहे का हे तपासायचा सर्वांत सोपा दिवस शून्यसावलीचा. नाशकात २० मेच्या आणि २३ जुलैच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. जुलैची भेट ढगात जाते, मेची सहसा चुकत नाही. त्या दिवशी १२:३१ला उभ्या शंकूच्या पायाशी सावली उरता कामा नये. ज्या बाजूला उरेल, तिकडे तो कललेला आहे.